गेंडा सध्या पूजेत आहे

मला याद्या करायची सवय आहे. एक फ्रिजच्या दारावर, एक पर्समध्ये, आणि या दोन याद्या कुठे ठेवल्यात त्याची तिसरी कॅलेंडरच्या मागे, असं माझा नवरा पाहुण्यांना सांगतो. तिसरी यादी आता नाही. होती, ती मी बंद केली.

पहिली यादी मी सहावीत असताना केली. सत्तरच्या दशकाचा शेवट होता आणि आम्ही धंतोलीत एका दुमजली घराच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. यादी चोवीस प्राण्यांची होती. तिच्यापायी आमच्या घरातल्या माणसांना चार महिने आणि धंतोलीतल्या तीस बायकांना चार आठवडे त्रास झाला. त्या सगळ्या बायकांची नावं माझ्याकडे लिहिलेली आहेत, पण ती इथे देत नाही.

तेव्हा एका टूथपेस्टच्या खोक्यात ट्यूबबरोबर प्लास्टिकचा एक प्राणी मिळायचा. अंगठ्याच्या पेराएवढा, पण नाकडोळे नीट असलेला. खोकं बंद असायचं. आत हत्ती आहे की कुत्रा, हे घरी येऊन फोडल्याशिवाय कळत नसे. एकूण प्राणी किती आणि कोणते, हे मात्र कळायला मार्ग होता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात एक पुठ्ठा टांगलेला होता, त्यावर सगळ्या चोवीस प्राण्यांची चित्रं होती. मी ती यादी तीन खेपांत उतरवून घेतली, कारण दर आठ प्राण्यांनंतर दुकानदार म्हणायचा, "बाजूले हो वं, गिऱ्हाईक आलं."

वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिले. एका जातीचा एकच मोजायचा. मोडका मोजायचा नाही. अदलाबदल झाली की परत मागायचा नाही. चौथा नियम मी लाल पेन्सिलीने लिहिला: जो डब्यात नाही तो मोजायचा नाही. हा नियम खास माझ्या मोठ्या भावासाठी होता. दादा तेव्हा नववीत होता आणि त्याच्याकडे सहा प्राणी असताना तो गल्लीत अकरा सांगायचा. बाकीचे पाच 'येऊन राहिले' असायचे. माझे प्राणी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात, कापसावर, ओळीने ठेवलेले असत. डब्यात असेल ते आहे, नसेल ते नाही. मला यात काही अवघड वाटत नव्हतं.

अवघड होतं ते ट्यूब संपणं. आमच्याकडे ट्यूब संपली की नाही हे ठरवण्याचा अधिकार बाबांचा. आम्हाला ती संपली असं वाटायचं, तेव्हा बाबा स्वयंपाकघरातून लाटणं मागवायचे. ट्यूब पाटावर ठेवून शेपटीकडून तोंडाकडे लाटली की आणखी आठवडा निघायचा. मग कात्रीने तिचं पोट फाडून आणखी दोन दिवस. बाबा सरकारी कचेरीत होते आणि एकही कागद कोरा राहिलेला त्यांना चालत नसे, तसंच हेही. या वेगाने चोवीस प्राणी जमायला मला कॉलेज उजाडलं असतं.

म्हणून मी एक काम अंगावर घेतलं. रोज सकाळी सगळ्यांच्या ब्रशांवर पेस्ट लावून ब्रश ओळीने मांडून ठेवायचे. आईला तीन दिवस फार कौतुक वाटलं. चौथ्या दिवशी बाबा तोंडभर फेस घेऊन मोरीतून बाहेर आले.

"काहून गं, एवढी पेस्ट? दात घासायचे आहेत, दाढी नाही करायची."

काम काढून घेण्यात आलं. तरी तेवढ्या चार दिवसांत ट्यूब दिसेल इतकी खपाटीला गेली होती, हे मी वहीत लिहून ठेवलं.

दुसरा मार्ग म्हणजे खोकं निवडून घेणं. माझा सिद्धान्त असा होता की जड प्राण्याचं खोकं जड लागणार. दुकानात मी दोन्ही हातांत एकेक खोकं घेऊन तोलायची, कानाशी हलवायची, टिचकी मारून पाहायची. दुकानदार गल्ल्यावर कोपर टेकून पाहत राहायचा.

"पेस्ट घेऊन राहिली का टरबूज वं?"

"काका, आत काय आहे ते तुम्हाला माहीत असतं का?"

"मले माहीत असतं तर मीच नसते का जमवले? घे बाई एक कोणतंबी. बाकीचे हलवू हलवू त्याइले चक्कर आणून राहिली तू."

तोलून घेतलेल्या त्या खोक्यात बेडूक निघाला. त्याआधी दोन बेडूक होते.

बाकीचे शाळेत अदलाबदलीने मिळाले. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे हा व्यवहार चाले आणि भाव रोज बदलत. दोन कुत्र्यांना एक सील. सील आणि बेडकाला एक उंट. माझ्याकडे कोणाकडे काय जास्त आहे याची वेगळी यादी होती, त्यामुळे मुली माझ्याकडे विचारायला येत आणि मी सांगायच्या बदल्यात एक बेडूक खपवत असे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत डब्यात तेवीस झाले. राहिला गेंडा.

गेंडा कोणीच पाहिला नव्हता. पुठ्ठ्यावर तो शेवटच्या ओळीत होता, पण पुठ्ठ्यावर असणं वेगळं. वर्गातल्या एकीच्या मामेभावाकडे अमरावतीत गेंडा आहे असं ती सांगायची. पुढच्या आठवड्यात तो मामेभाऊ अकोल्याचा झाला. दादाचं म्हणणं, गेंडा बनवलेलाच नाही, नुसतं चित्र छापलंय, तुझ्यासारख्यांना पेस्ट घ्यायला लावायला. हे मला मनातून पटत होतं म्हणून जास्त राग यायचा.

त्यातच शाळेच्या गॅदरिंगची सूचना लागली. गॅदरिंगच्या दुपारी छंदांचं प्रदर्शन असतं. प्रत्येकीला एक टेबल, त्यावर आपला संग्रह आणि माहितीचा कागद. बाईंनी वर्गात विचारलं तेव्हा मी उभी राहून सांगितलं, "चोवीस प्राणी, संपूर्ण संच." बाईंनी तसंच लिहून घेतलं. माझ्याकडे तेवीस होते आणि मी स्वतःच केलेला नियम मोडून बसले होते. गॅदरिंग फेब्रुवारीत होतं. तोवर गेंडा मिळाला नाही तर मी दादाच्या पंगतीला बसणार होते, आणि सगळ्या शाळेसमोर. त्याला हे कळल्यावर तो फक्त एवढंच म्हणाला, "येऊन राहिला वाटते?"

मी डोकं चालवलं. आमच्या घरच्या ट्यूबच्या वेगाने फेब्रुवारीपर्यंत दोन खोकी फुटली असती. मला एकदम पुष्कळ खोकी हवी होती. आणि संक्रांत जवळ आली होती.

आई संक्रांतीचं हळदीकुंकू थाटात करायची. तीस बायका ठरलेल्या. दरवर्षी वाण काय लुटायचं यावर तिचा आठवडा जायचा. मागच्या वर्षी चहाच्या गाळण्या, त्याआधी प्लास्टिकच्या साबणाच्या डब्या. मी तिच्यासमोर एक कागद ठेवला. वर लिहिलं होतं, 'यंदाचे वाण: छोटी टूथपेस्ट. कारणे.' कारणं सात होती. फुटत नाही, सांडत नाही, सगळ्यांच्या उपयोगाची, आकाराने सारखी, वगैरे. आईने कागद पूर्ण वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आठवं कारण लिहायचं राहिलं."

"कोणतं?"

"गेंडा."

मग ती बराच वेळ हसली, आणि हो म्हणाली. मला वाटतं गाळण्यांच्या मानाने तिलाही ते नवीन वाटलं असावं. फक्त एक अट घातली. खोकी फोडायची नाहीत.

"आई, मी हळूच उघडून प्राणी काढून परत चिकटवते ना. कोणाला कळणार पण नाही."

"फोडलेलं वाण देतात का कुणी? देवाच्या नावानं द्यायची वस्तू ती. जशी आली तशी जाईल."

तीस बंद खोकी दोन दिवस आमच्या कपाटात होती आणि मी त्या दोन दिवसांत नीट जेवले नाही. शेवटी काहीतरी करावं म्हणून प्रत्येक खोक्याच्या तळाला पेन्सिलीने बारीक नंबर घातला, एक ते तीस. दादाने विचारलं, आत काय आहे हे माहीत नसताना नंबर घालून काय कळणार? पण नंबर नसलेल्या वस्तूंपेक्षा नंबर असलेल्या वस्तू बऱ्या, हे माझं मत तेव्हाही होतं.

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी तिळगूळ द्यायचं काम आईकडे, अत्तर लावायचं शेजारच्या ताईकडे आणि वाण द्यायचं मी मागून घेतलं. एकेकीच्या हातात खोकं ठेवायचं, वहीत नंबरासमोर नाव लिहायचं आणि सांगायचं, "आत एक प्राणी निघेल. निघाला की मला कळवा."

पाच-सहा जणींनी निमूट हो म्हटलं. मग वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई आल्या. त्यांनी वहीत डोकावून पाहिलं आणि बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पोरगी वाण देऊन राहिली का वसुली लिहून राहिली वं? सही पण करू का?"

सगळ्या हसल्या. एकीने खरंच सही केली. गर्दी ओसरल्यावर आईने मला स्वयंपाकघरात बोलावून वही काढून घेतली, पण तोवर तीसही नावं लिहून झाली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर वही परत मिळवून मी फेरीला निघाले. माझा अंदाज होता की चार दिवसांत सगळी खोकी फुटतील. तो अंदाज साफ चुकला. धंतोलीतल्या बायका माझ्या बाबांच्याच जातकुळीच्या निघाल्या. पहिल्या घरी उत्तर मिळालं, "आधीची ट्यूब चालू आहे बाई, ती संपल्यावर ही काढू." दुसऱ्या घरी खोकं वरच्या फळीवर 'पाहुण्यांसाठी' ठेवलं होतं. तिसऱ्या घरी सगळे काळं मंजन लावणारे. तिथल्या काकूंनी मात्र खोकं माझ्यासमोर फोडलं, प्राणी माझ्या हातावर ठेवला आणि ट्यूब परत खोक्यात घालून खोकं फळीवर ठेवून दिलं. बेडूक होता.

पण खरी भानगड वेगळीच होती. चौथ्या घरी खोकंच नव्हतं. "ते ना, मी पुढे दिलं." कुणाला? "माझ्या नणंदेकडे हळदीकुंकू होतं ना रामदासपेठेत, तिला एक वाण कमी पडत होतं." म्हणजे आमचं वाण त्यांनी आपलं वाण म्हणून लुटलं होतं. मग लक्षात आलं की हे एकीचं नाही, पुष्कळ जणींचं आहे. रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू असतं आणि वस्तू फुटणारी नसली, सांडणारी नसली, आकाराने सारखी असली, तर ती पुढे द्यायला फार सोयीची. माझ्या कागदावरची कारणं मीच लिहिली होती.

आठवड्याभरात आई एका हळदीकुंकवाहून आली. तिने पिशवीतून आणलेलं वाण टेबलावर ठेवलं. टूथपेस्ट. मी खोकं उलटं केलं. तळाला सतरा.

आईने नंबर पाहिला, मी पाहिला. दादा पाहायला आला तर आईने खोकं पदराखाली घेतलं.

"कोणाला दिलं होतं सतरा?" तिने हळूच विचारलं. मी वही काढून नाव सांगितलं.

"मी आज त्यांच्याकडे गेलेच नव्हते," आई म्हणाली. "म्हणजे मधे आणखी एक आहे." मग म्हणाली, "गल्लीत बोलायचं नाही हं. आणि पुढच्या वर्षीसुद्धा नंबर घाल."

सतरामध्ये कुत्रा निघाला. त्यानंतर आणखी दोन खोकी अशीच परत आली.

पण नंबर आता कामाचे झाले होते. मी वहीत प्रत्येक खोक्यासमोर त्याचा प्रवास लिहू लागले. कुठून कुठे गेलं, फुटलं का, आत काय. संध्याकाळचा तासभर मी हेच करायची. बायका मला लांबून पाहूनच सांगू लागल्या, "बदक निघालं! घेऊन जा!" किंवा "नाही फोडलं, अजून नाही फोडलं, जा घरी!" घरमालकीणबाई तर जिन्यातून विचारायच्या, "काय इन्स्पेक्टरबाई, सापडला का आरोपी?"

रथसप्तमी होऊन गेली. तीसपैकी एकोणतीस खोक्यांचा पत्ता लागला. जी फुटली त्यांत गेंडा नव्हता. जी फुटली नव्हती ती मी विनवण्या करून फोडायला लावली, त्यांतही नव्हता. राहिलं बावीस नंबर. ते दिलं होतं शेजारच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना. त्या आठवून आठवून म्हणाल्या, "अगं, ते मी शिवणाच्या मावशींना दिलं. ब्लाउज द्यायला आल्या होत्या. हळदीकुंकवाला काही त्यांना बोलवत नाहीत, म्हटलं निदान ट्यूब तरी घेऊन जा."

शिवणाच्या मावशी म्हणजे मागच्या गल्लीत, एका बंगल्याच्या आउटहाउसमध्ये एकट्या राहणाऱ्या बाई. वर्ध्याकडच्या. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. सगळ्या गल्लीचे ब्लाउज आणि आम्हा मुलींचे शाळेचे ट्युनिक त्या शिवत. कुठल्याच घरच्या हळदीकुंकवाला त्या दिसत नसत आणि माझ्या यादीतही त्यांचं नाव नव्हतं. ते का नाही, हा प्रश्न मला तोपर्यंत पडला नव्हता.

रविवारी सकाळी गेले. मशीन चालू होतं. मावशींनी मान वर न करता विचारलं, "काय वं, ट्युनिक आखूड झाला का?"

"नाही. मावशी, तुमच्याकडे टूथपेस्टचं एक खोकं आलं होतं. त्यात प्राणी..."

बोलता बोलता माझी नजर समोरच्या फळीवर गेली. फळीवर देव होते. एक अन्नपूर्णा, एक बाळकृष्ण, एक काळी पिंड. आणि पिंडीसमोर, तिच्याकडे तोंड करून, तपकिरी रंगाचा, नाकावर शिंग असलेला, अंगठ्याच्या पेराएवढा. त्याच्या कपाळाला हळदकुंकू होतं. पुढ्यात झेंडूची एक पाकळी.

माझ्या मनात आलं की मावशींना दिसत नसावं. जाड चष्मा होता. नंदी समजून बसवला असणार. आता हे सांगायचं कसं? मी सरळ सांगितलं.

"मावशी, तो गेंडा आहे."

मशीन थांबलं. मावशींनी चष्मा पुसला. "मी दिवसभर सुईत दोरा ओवते वं. मले त्याचं शिंग नाही दिसणार?"

मी परत शिंगाकडे पाहिलं. त्याच पुढे बोलल्या.

"माझा नंदी होता दगडाचा. ही खोली घेतली तवा सामान आणताना फुटला. फुटका ठेवत नाहीत म्हणून पाण्यात सोडला. चार वर्षं झाली, पिंडीपुढं कोणी नाही. मले रोज दिवा लावताना कसंचंच वाटे. देवापुढं कोणी बसायले नको का? मग त्या खोक्यातून हा निघाला. चार पाय हायेत, गप बसते, समोर पाहते. आणखी काय पाहिजे?"

"माझ्याकडे बैल आहे," मी म्हणाले. "खरा बैल. म्हणजे प्लास्टिकचाच, पण बैल. बसलेला. मी आणून देते, तुम्ही मला हा द्या."

हे बोलून झाल्यावर लक्षात आलं की बैल माझ्याकडे एकच आहे. बैल दिला की गेंडा येईल आणि डब्यात पुन्हा तेवीसच राहतील. मी तिथेच उभ्या उभ्या दोनदा हिशेब केला. दोन्ही वेळा तेवीस.

मावशींनी बैल द्यायची वेळच आणली नाही. "न्हाई वं. आता याची पूजा झाली, नैवेद्य झाला. बदली करायले हा काय कचेरीतला बाबू हाय? पण तुले काहून पाहिजे तो?"

मी सगळं सांगितलं. चोवीस, पुठ्ठा, गॅदरिंग, बाईंनी लिहून घेतलेलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. माझ्या हातावर तिळाची वडी ठेवली.

"तेवीस का कमी असते?" त्या म्हणाल्या आणि मशीन परत सुरू केलं.

घरी आल्यावर मी आईला म्हटलं, तू माग, तुझं ऐकतील. आईने नाही म्हटलं. पूजेतली वस्तू मागायची नसते, आणि त्या बाईकडून तर नाहीच नाही. मी विचारलं, त्या बाईकडून का नाही? आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आपण तिला काही दिलं असतं तर मागितलंही असतं."

दादाला तर सण झाला. "शंकरानं तुझा गेंडा उचलून नेला!" तो आल्यागेल्याला सांगत होता. पण प्रदर्शनासाठी टेबलावर घालायला पांढरा कागद त्यानेच आखून दिला, चोवीस चौकोन, प्रत्येकी दीड इंच. मी म्हटलं, तेवीस आख. तो म्हणाला, "चोवीसच सुंदर दिसतात," आणि पुसायला तयार होईना.

त्यामुळे शेवटचा चौकोन रिकामा राहिला. रिकाम्या चौकोनाखाली काहीतरी लिहायला हवं होतं. खोटं लिहायचं नव्हतं आणि 'नाही' असं लिहवेना, कारण तो होता. मी पाहिला होता. शेवटी मी कागदावर, आणि वहीतही, पेन्सिलीने लिहिलं: '२४. गेंडा. सध्या पूजेत आहे.'

गॅदरिंगच्या दुपारी हॉलमध्ये ओळीने टेबलं लागली. माझ्या एका बाजूला काडेपेट्यांची चित्रं, दुसऱ्या बाजूला पिसं. मुली येत, रिकामा चौकोन पाहत, खालची ओळ वाचत आणि खिदळत. बाईंनी दोनदा वाचलं. "हे काय गं? संपूर्ण संच म्हणाली होतीस ना?" पाण्याच्या टाकीमागची सगळी गिऱ्हाइकं समोर उभी होती. तिथून दादाची शाळा दीड मैलावर होती हेच काय ते नशीब.

तीनच्या सुमारास दाराशी जरा हालचाल झाली. धुतलेलं हिरव्या काठाचं पातळ, डोक्यावरून पदर, आणि दोन्ही हातांत धरलेली एक छोटी वाटी, वर रुमाल झाकलेला. मावशी होत्या. त्या मुलींतून वाट काढत, टेबलं वाचत वाचत माझ्यापर्यंत आल्या.

"कोणतं घर त्याचं?"

मी रिकामा चौकोन दाखवला. त्यांनी रुमाल काढला. आत झेंडूचं फूल आणि फुलावर गेंडा. कपाळावर सकाळचं ताजं कुंकू. त्यांनी तो उचलून चौकोनात ठेवला, तोंड जरा डावीकडे वळवलं, मागे होऊन पाहिलं, परत सरळ केलं. मग पिसांच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि बसल्या.

"दिवा लावायच्या आत परत न्यायचा हाय," त्या म्हणाल्या. "तवर पाहू दे सर्वांले."

दीड तास त्या तिथून हलल्या नाहीत. कोणी हात पुढे केला की, "हात नको लावू, पूजेतला हाय." एका मुलीने विचारलं, खरा आहे का? "मंग काय खोटा हाय?" बाईंनी उचलून पाहायला हात पुढे केला तर बाईंनाही तेच सांगितलं, आणि बाईंनी हात मागे घेतला. शेवटी मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी प्राणी पाहिले, कुंकू पाहिलं, खालची ओळ वाचली आणि मावशींना विचारलं, "मग हा आज इथे कसा?"

"नोकरीवरून आला," मावशी म्हणाल्या. "दोन तासाची सुट्टी घेऊन."

मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि मावशींसाठी चहा मागवला. प्रदर्शनाला आलेल्या आया एकेक करून आमच्या टेबलाशी थांबत होत्या. त्यांतल्या निम्म्या धंतोलीच्या होत्या, माझ्या यादीतल्या, आणि त्यांच्या अंगावरचे ब्लाउज मावशींनी शिवलेले होते. घरमालकीणबाईंनी गेंड्याकडे पाहून हात जोडले, मग मावशींकडे पाहिलं आणि खुर्ची शोधून त्यांच्या शेजारी बसल्या. "सापडला म्हणजे आरोपी," त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या.

पहिलं बक्षीस काडेपेट्यांना मिळालं. परीक्षकांच्या मते माझा एक प्राणी उसना होता. मला उत्तेजनार्थ म्हणून प्लास्टिकची साबणाची डबी मिळाली. आईने ती हातात घेतल्याबरोबर उलटी करून तळ पाहिला. नंबर नव्हता, पण दोन वर्षांपूर्वी मी नंबर घालतही नव्हते.

मावशींना गॅदरिंगची तारीख आणि हॉल कसा कळला हे मी तेव्हा विचारलं नाही. नंतर हिशेब लावला तर त्या आठवड्यात आई स्वतः मावशींकडे जाऊन एक ब्लाउज शिवायला टाकून आली होती, आणि त्या ब्लाउजवर नेसायचं पातळ आमच्या घरात नव्हतं. पुढच्या संक्रांतीला आईने यादी माझ्याकडून लिहून घेतली तेव्हा एकतिसावं नाव मावशींचं सांगितलं. मी लिहिलं. घरमालकीणबाईंनी त्या दिवशी मावशींसाठी सतरंजीवर आपल्याशेजारी जागा धरून ठेवली होती. वाण स्टीलच्या वाट्यांचं होतं, त्याच्या तळाला नंबर घालता येत नव्हते.

पण त्या गॅदरिंगच्या दिवशी साडेचार वाजता मावशींनी गेंडा परत फुलावर ठेवला, वर रुमाल घातला आणि उठल्या. मी डबा बाकीच्या तेवीस प्राण्यांसकट काखेत घेतला आणि त्यांच्याबरोबर निघाले. उशीर होतोय म्हणून त्या भरभर चालत होत्या, वाटी मात्र हलू देत नव्हत्या. खोलीवर पोचताच त्यांनी हातपाय धुतले, गेंडा पिंडीसमोर ठेवला आणि दिवा लावला. मी दाराशी उभी राहून पाहिलं. तो समोर पाहत होता.

घरी आल्यावर वही काढली. चोवीसच्या पुढे बरोबरची खूण केली. 'सध्या' हा शब्द रबराने खोडला. मग पहिल्या पानावर गेले. चौथा नियम तसाच ठेवला, कारण दादा अजून त्याच घरात होता. त्याच्याखाली, जागा कमी होती म्हणून बारीक अक्षरात, एक ओळ वाढवली: कामावर गेलेला प्राणी डब्यात धरावा.